वेशीबाहेरची कोंबडी

कोंबडीला इंजेक्शन कसं देतात ते मी सिल्वासाला शिकले. एका हाताने तिचे दोन्ही पाय धरायचे, तिला काखेत दाबायची, छातीचं हाड बोटाने चाचपायचं आणि हाडालगतच्या मांसात सुई घालायची. तेलात घोटलेलं औषध दाट, म्हणून सुईही जाड. कोंबडी आधी ओरडते आणि मग एकदम गप्प होते. आमचे डॉक्टर म्हणायचे, "पक्ष्यांना फारसं दुखत नाही हो." यांना कोणी सांगितलं? कोंबडीने येऊन सांगितलं?

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती. नवरा सरकारी शाळेत मास्तर, मी रत्नागिरीकडची बी.एस्सी. झालेली, आणि क्वार्टरमध्ये बसून शेजारणींच्या भाजीची चव घेत दिवस काढणं माझ्याच्याने होईना. सिल्वासाजवळ मसाटला तेव्हा जिकडेतिकडे कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या. करमाफी होती ना! कोणी प्लास्टिक काढी, कोणी धागा, कोणी पत्र्याचे डबे. त्यांच्यात आमची एक चिमुकली लॅब. मुंबईचे एक जनावरांचे डॉक्टर सरकारी नोकरी सोडून आले होते आणि गुरांचे रोग ओळखायचं औषध बनवत होते. तेही कोंबडीच्या अंड्यातून.

लोक हसायचे. "अंड्यावरून म्हशीचा रोग कळतो? मग आमच्या पोरीचं लग्न कधी ते पण विचार ना तुझ्या डॉक्टरला!" हसा मेल्यांनो. गोष्ट साधी होती. रोगाचा मेलेला जंतू कोंबडीला टोचला की तिचं रक्त त्याच्याशी लढायला हत्यारं घडवतं. पुस्तकात त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. कोंबडी शेवटी आई. ती ही हत्यारं अंड्याच्या बलकात भरून पिल्लासाठी ठेवते. आणि पिल्लू व्हायच्या आत आम्ही तो बलक पळवतो. पांढरं वेगळं काढायचं, बलक टिपकागदावर लोळवून कोरडा करायचा, त्याची पापुद्र्यासारखी साल टोचून आतलं पिवळं तेवढं घ्यायचं आणि त्यातली चरबी काढून टाकायची. खाली राहतं ते काम करणारं पाणी.

मग काचेवर आगरचा थर द्यायचा. आगर म्हणजे चायना ग्रास, घरी जेली करतात तोच. त्यात शेजारी शेजारी दोन खळगे पाडायचे. एकात आमचं बलकाचं पाणी, दुसऱ्यात आजारी गुराच्या डोळ्यातलं पाणी. झाकून ठेवून द्यायचं. रोग असला तर दुसऱ्या दिवशी दोन खळग्यांच्या मध्ये एक पांढरी रेघ उमटलेली दिसते. रोग नसला तर काही नाही. कोंबडीच्या मालाला मीठ भरपूर लागतं, म्हणून आगर आम्ही लोणच्यासारखा खारट करायचो. पहिल्यांदा ती रेघ दिसली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या, खोटं कशाला बोलू.

पिंजऱ्यातल्या कोंबड्या पांढऱ्या, विकत आणलेल्या. सुईच्या जागी त्यांना गाठी यायच्या, काही लंगडायच्या. ज्या कोंबडीची रेघ फिकी पडली तिची मान मुरगळायची, असा नियम. हे काम आणि दाणापाणी करायला एक मावशी होत्या. किलवणी गावाच्या पलीकडच्या एका पाड्यावरून चालत यायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरी मुलगा, सून आणि बैलांची जोडी. बैल त्यांनी वासरं असल्यापासून वाढवलेले. "बैल काय म्हणतायत मावशी?" असं विचारलं की त्यांचं तोंड उघडायचं, एरवी बाई मुकीच. गाठ आलेल्या कोंबडीला त्या घरून आणलेली हळद लावायच्या. डॉक्टर ओरडायचे, "ए बाई, औषधात हळद मिसळतेस की काय?" त्या हसायच्या आणि डॉक्टर गेले की पुन्हा लावायच्या.

एके दिवशी आमचा वॉचमन, तो धुळ्याकडचा, काखेत एक कोंबडी घेऊन आला. "बाई, रस्तावर सापडनी! फुकट!" तांबडी, गावठी, चिवट दिसणारी कोंबडी. डोक्यावर कुंकू फासलेलं आणि डाव्या पायाचं एक नख मुळापासून कापलेलं. त्याला ती रात्रीच्या रश्शाला हवी होती. पण आदल्याच दिवशी आमची एक पांढरी मेली होती आणि पिंजरा रिकामा होता. डॉक्टर म्हणाले, "टाका तिच्या जागी. गावठी पण बघू काय देते ते." मी कुंकू ओल्या कापसाने पुसलं आणि तिला टोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दाण्याचा डबा घेऊन आल्या आणि त्या पिंजऱ्यापुढे उभ्याच राहिल्या. डबा हातातून पडला. मी ओरडले, "अहो मावशी, लक्ष कुठंय?" त्यांनी खाली बसून दाणे वेचले, पण त्या पिंजऱ्यासमोरचे वेचले नाहीत.

दुपारी भाकरी खाताना त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांच्या पाड्यावर गुरं मरायला लागली की रोग वेशीबाहेर काढायची रीत होती. एक कोंबडी घ्यायची, प्रत्येक गोठ्यात गुरांच्या अंगावरून फिरवायची, म्हणजे रोग तिच्यात उतरतो. तिला कुंकू लावायचं, ओळखीसाठी नख कापायचं आणि वेशीपार नेऊन सोडायचं. ज्याच्या घरची कोंबडी त्यानेच सोडायची. सोडली की मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर रोग मागे येतो. या खेपेला कोंबडी त्यांच्या घरची घेतली होती.

"तुमचीच का?" मी विचारलं.

"रांडव बाईच्या घरची घेतली का कोन भांडाया येतो, बाय?" त्या म्हणाल्या.

आणि आता तीच कोंबडी त्यांच्याच हातचे दाणे खायला आली होती. सोडलेली कोंबडी सोडणाऱ्याच्या हाताला परत लागली तर रोग त्या हातात राहतो, असं पाड्यावर मानत. पाड्याला कळलं तर त्यांना भुताळी, चेटकीण म्हणतील, आणि भुताळी म्हटल्यावर घर, मुलगा, बैल सगळं गेलंच. "कोनाला सांगू नको, बाय." मी म्हटलं, मी कशाला सांगतेय? मी दुसऱ्या कोणाला तरी त्या पिंजऱ्याचं काम द्यायला सांगू का, असंही विचारलं. त्या घाबरून नाही म्हणाल्या. का, म्हणून डॉक्टर विचारतीलच.

मग त्यांनी आपली एक युक्ती काढली. लांब दांड्याच्या पळीने त्या तिला दाणे घालायच्या, हात लागू द्यायच्या नाहीत. असे बरेच दिवस गेले. बैलांना काही झालं नाही, नांगरट झाली, भात निघालं. एकदा मी पाहिलं तर पळी भिंतीला टेकवलेली होती आणि मावशी त्या तांबडीच्या गाठीला बोटाने हळद लावत होत्या. कोंबडी डोळे मिटून उभी होती. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आणि तांबडी अंडी तरी काय द्यायची! इतर कोंबड्यांची रेघ दोऱ्यासारखी, हिची सुतळीसारखी. डॉक्टर काच उजेडात धरून नाचायचे. पांढऱ्यांना मागे टाकून बुळकांडी ओळखायचं सगळं औषध हिच्याच अंड्यांतून निघायला लागलं. बुळकांडी म्हणजे गुरांचा सगळ्यात वाईट रोग. डोळे गळतात, तोंड आतून सोलून निघतं, जुलाब लागतात आणि जनावर आडवं होतं. तो बरा करणारं औषध नाही. आधी लस टोचली तरच वाचायचं.

पुढच्या उन्हाळ्यात बुळकांडी मावशींच्या पाड्यावर आली. कोणीतरी बाजारातून खोंड आणला होता, तो आधी पडला. मावशींनी लॅबमध्ये तोंडातून शब्द काढला नाही, पण कोणाकडून तरी डॉक्टरांना कळलंच. ते गेले, आजारी गुरांच्या डोळ्यातलं पाणी कापसाच्या बोळ्यावर घेऊन आले. मी तांबडीच्या अंड्याचं पाणी दुसऱ्या खळग्यात घातलं. सकाळी बघते तर जाडजूड पांढरी रेघ. सरकारी खात्यानेही मान्य केलं, लस सिल्वासात येऊन पडली. पण पाड्यावरची माणसं गुरं टोचू देईनात. पूर्वी कधीतरी कोणीतरी काहीतरी टोचलं होतं आणि एक बैल लुळा झाला होता, तेव्हापासून त्यांना सुईचा राग. खात्याची माणसं दोनदा जाऊन हात हलवत परत आली.

डॉक्टरांना चेव चढला. "मी समजावतो त्यांना. तोंडाने सांगून कळत नाही, डोळ्यांना दाखवायला हवं. ही काच दाखवू, अंडं दाखवू, आणि कोंबडीच घेऊन जाऊ! जिवंत पुरावा!"

मावशी झाडत होत्या. त्यांचा झाडू थांबला. आजवर साहेबांशी वर मान करून न बोललेली ती बाई येऊन त्यांच्या पायाशी बसली. सगळं सांगितलं. कोंबडी कोणाची, कोणी सोडली, नख का कापलं, पाड्याने पाहिलं तर काय होईल. "दुसरी न्या साहेब. पांढरी न्या. हिला नका नेऊ, मी हात जोडते."

डॉक्टरांनी नीट ऐकलं. माझ्या मनात आलं, चला, माणूस आहे शेवटी. आणि त्यांचा चेहरा असा उजळला की जणू बक्षीस लागलंय! "अगं, मग तर हीच न्यायला हवी! तुम्ही जिला रोग म्हणून हाकललंत तीच तुमचा रोग पकडते. एका दगडात दोन पक्षी. रोगही जाईल आणि अंधश्रद्धाही."

माझं डोकं फिरलं. आम्हा कोकणातल्या माणसांना फणस म्हणतात, बाहेरून काटे आणि आत गरे. मी काजूची बी आहे, भाजली की तोंडावर उडते. मी म्हटलं, "अंधश्रद्धा घालवायचीय ना? मग तुमच्या स्कूटरला लिंबू-मिरची लोंबतेय ती आधी काढा!"

"ती बायकोने बांधलीय," ते म्हणाले.

"आणि ही बाई राहते त्या पाड्यावर! तुम्ही जीपमध्ये बसून परत याल. ती कुठे जाणार?"

"भावनेच्या आहारी जाऊ नका. आज तिथे गुरं मरतायत. एका बाईच्या भीतीसाठी सगळ्यांचे बैल मारू?" असं म्हणून त्यांनी तांबडीला टोपलीत घातलं. मावशींना म्हणाले, "तूही चल. तुझ्यासारख्या बाईने सांगितलं की पटतं लोकांना." पगार देणारा माणूस. बाई जीपमध्ये बसली. मीही चढले, म्हटलं, निदान काच तरी मीच धरीन, हा माणूस तिथे काय बोलेल त्याचा भरवसा नाही.

पाड्यावर चिंचेखाली माणसं जमली. मावशींचा मुलगाही होता. डॉक्टर बोलायला उभे राहिले आणि बोलले मात्र झकास! काच सगळ्यांच्या हातून फिरवली. ही रेघ बघा, हा तुमच्या गुरांचा रोग. माणसं उजेडात धरून बघत होती, पटत पण होतं. तिथेच थांबले असते तर! पण नाही. टोपलीवरचं फडकं काढून त्यांनी कोंबडी वर धरली. "आणि हा रोग ओळखला कोणी? हिने! हिच्या अंगात तुमच्या गुरांच्या रोगाची सगळी खबर आहे!"

एक म्हातारा पुढे आला. पाड्यात त्याचा शब्द चाले. त्याने कोंबडीचा डावा पाय हातात घेतला आणि कापलेल्या नखावरून अंगठा फिरवला. तो सावकाश म्हणाला, "ही कुठं गावली?"

"तुमचीच आहे!" डॉक्टर म्हणाले. "तुम्ही टाकलीत, मी सांभाळली. आणि हिला रोज स्वतःच्या हाताने दाणे घालते कोण? ही तुमचीच बाई!" असं म्हणून त्यांनी मावशींना खांद्याला धरून पुढे केलं. माणूस टाळ्यांची वाट बघत उभा राहिला हो!

मी मध्ये पडले. ओरडून सांगितलं की कोंबडीला हा रोग होत नाही, आम्ही मेलेला जंतू टोचला म्हणून तिच्यात हे आलं, बाईचा काही संबंध नाही. ऐकून घेतलं त्यांनी. म्हातारा मला अगदी सभ्यपणे म्हणाला, "म्हंजे रोग हिच्यात हाय." त्याच्या हिशेबात काही चूक नव्हती. डॉक्टरांनी जे सांगितलं तेच तो सांगत होता.

आणि मग गंमत बघा. त्याने माणसांकडे पाहिलं, माणसांनी त्याच्याकडे, आणि तो म्हणाला, "उद्या टोचा गुरं. आमी बांधून ठेवतो." इतके दिवस सुईला हात लावू न देणारी माणसं एका झटक्यात तयार! रोग कुठून आला ते सापडलं होतं ना, आता टोचायला काय हरकत? डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून भुवई उडवली. "पाहिलंत? काय सांगत होतो?"

मावशी चिंचेखालीच उभ्या होत्या. मी त्यांचा हात धरून जीपकडे ओढायला लागले तर त्यांनी हात सोडवला. "घर इथं हाय, बाय. कुठं येऊ?" कोंबडी म्हाताऱ्याच्या हातातच राहिली. आम्ही निघालो. वाटभर डॉक्टर शीळ घालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबचं कुलूप काढायला गेले तर मावशी पायरीवर बसलेल्या. मांडीवर टोपली, टोपलीत तांबडी. दोघींच्या डोक्याला कुंकू. नवरा गेल्यापासून त्या बाईच्या कपाळाला कुंकू लागलं नव्हतं, आता भांगापासून नाकापर्यंत फासलेलं. मारलं नव्हतं कोणी. रीतीने काढलं होतं. त्यांना गोठ्यागोठ्यातून फिरवलं आणि वेशीपार आणून सोडलं. ज्याच्या घरचं त्यानेच सोडायचं, म्हणून मुलाने सोडलं. मुलगा वळून न बघता परत गेला.

मी ओला कापूस आणला आणि पुसायला लागले. पुसताना मीच रडत होते, त्या रडत नव्हत्या. तेवढ्यात डॉक्टर आले. टोपलीत डोकावून म्हणाले, "अरे वा, आणलीस का परत? मी तिकडेच विसरलो होतो. आजचं अंडं गेलं असतं." मग मावशींकडे पाहून, "काय गं, आज लवकर आलीस?" मी सांगितलं काय झालं ते. बरंच काही सांगितलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांचा चेहरा जरा उतरला. मग म्हणाले, "मागची खोली रिकामी आहे. तिथे राहू दे. कोंबड्यांवर लक्षही राहील." मुडदा बशिवला त्या लक्षाचा!

लस टोचली गेली. काही गुरं मेली, पुढे थांबलं. मावशींचे दोन्ही बैल वाचले. सिल्वासात एका कार्यक्रमात डॉक्टरांना शाल आणि नारळ मिळाला. त्यांनी भाषणात सांगितलं की एका अंड्याने पाडा वाचवला. पाड्यावर लोक सांगत होते की बाई काढली आणि रोग गेला. मी मात्र रोज रात्री नवऱ्यापाशी डॉक्टरांना आणि पाड्याला, दोघांनाही शिव्या घालत होते. तो बिचारा वह्या तपासत हूं हूं म्हणायचा.

मावशींना मी किती समजावलं! काच दाखवली, रेघ दाखवली, लस म्हणजे काय ते सांगितलं. त्या शांतपणे ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "बाय, मी निघाले आन् त्याच दिसापास्नं थांबलं का नाय?" त्याच दिवशी लस टोचली होती, मावशी! "व्हय. पन मी निघाले का नाय?" त्यांना मनापासून पटलं होतं. "माझ्यातच कायतरी होतं," म्हणायच्या. त्यांना पाड्याचा राग आला असता, डॉक्टरांचा आला असता, तर मला सोसलं असतं. त्यांना कोणाचाच राग येत नव्हता.

पुढे तांबडीची रेघ फिकी पडत गेली. डॉक्टरांनी काच बघितली आणि म्हणाले, "काढा." मान मावशींनीच मुरगळली. कामच होतं त्यांचं ते. त्या दिवशी त्यांनी भाकरी खाल्ली नाही, एवढंच.

त्यानंतरची गोष्ट. लॅबसमोरून रस्ता जायचा, त्यावरून गवताने भरलेल्या गाड्या येत. मावशी आवारात दाणे निवडत होत्या. लांबून घुंगरं वाजली आणि त्यांचे हात थांबले. मला काही कळायच्या आत त्या उठून भिंतीआड गेल्या, भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि डोक्यावरून पदर ओढून घेतला. गाडी त्यांच्या मुलाची होती. बैलही तेच. मी म्हटलं, "मावशी, अहो बाहेर या, बघा तरी!" त्यांनी मान हलवली. त्यांची नजर बैलांना लागायला नको होती.

गाडी संथपणे फाटकासमोरून गेली. मुलगा कासरा धरून समोर बघत बसला होता. फाटकाकडे त्याने एकदाही मान वळवली नाही. मला वाटलं, धावत जाऊन त्याचं बखोट धरावं आणि उतरवावं खाली.

घुंगरं ऐकू येईनाशी झाली तेव्हा मावशी भिंतीआडूनच म्हणाल्या, "रोडावलेत का बैल?"

"नाही. चांगले तुकतुकीत आहेत."

"आन् त्याने इकडं बघितलं?"

मला खोटं बोलवेना. "नाही मावशी. नाही बघितलं."

त्यांनी पदर डोक्यावरून मागे घेतला आणि समाधानाने मान डोलावली. "बरं केलं पोरानं," त्या म्हणाल्या. "बघायचं नसतं." आणि त्या उठून पुन्हा दाणे निवडायला बसल्या.